अमेरिकेतील दंतवैद्यक परवाना परीक्षांचे निकाल किती काळ चालतात? परदेशात शिकलेल्या अर्जदारांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे पहिल्यांदा येणारे बहुतेक डेंटिस्ट एकच प्रश्न विचारतात: "माझा स्कोअर किती वर्षे चालेल?" या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. परदेशात पदवी घेतलेल्या अर्जदाराच्या फाइलमध्ये राष्ट्रीय लेखी परीक्षा, इंग्रजीची परीक्षा, क्लिनिकल (म्हणजे प्रत्यक्ष उपचार-कौशल्याची) परीक्षा आणि गुणपत्रिकांचे मूल्यमापन असे निरनिराळे कागद असतात. त्या प्रत्येकाची मुदत वेगळी संस्था ठरवते आणि ती वेगळ्या दिवसापासून मोजली जाते. ज्यांनी ही मोजणी आधी केली नाही अशा काही हुशार आणि कष्टाळू अर्जदारांचे वर्ष वाया गेलेले आम्ही पाहिले आहे, आणि म्हणूनच हे पत्रक लिहिले आहे.

राष्ट्रीय लेखी परीक्षा

अमेरिकेत दंतवैद्यकाचा परवाना केंद्र सरकार देत नाही, तो प्रत्येक राज्याचे डेंटल बोर्ड देते. लेखी परीक्षा मात्र सर्व राज्यांसाठी एकच आहे आणि ती जॉइंट कमिशन ऑन नॅशनल डेंटल एक्झामिनेशन्स ही संस्था घेते. पूर्वी ही परीक्षा एनबीडीई पार्ट वन आणि पार्ट टू अशा दोन भागांत होत असे. १ ऑगस्ट २०२० पासून आयएनबीडीई ही एकत्रित परीक्षा सुरू झाली, २०२० च्या अखेरीस पार्ट वन बंद झाला आणि २०२२ च्या अखेरीस पार्ट टूही बंद झाला. आयएनबीडीईमध्ये एकूण ५०० प्रश्न असतात. त्यांपैकी ३६० पहिल्या दिवशी आणि उरलेले १४० दुसऱ्या दिवशी सोडवायचे असतात, आणि हा दुसरा दिवस पहिल्या दिवसापासून सात दिवसांच्या आत घ्यावा लागतो.

या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याच्या निकालावर 'अमुक तारखेपर्यंत वैध' असे काही छापलेले नसते. निकाल किती जुना चालेल हे तो स्वीकारणारे राज्य बोर्ड किंवा विद्यापीठ ठरवते. त्यामुळे ज्या राज्यात प्रॅक्टिस करायची आहे त्या राज्याचा नियम वाचल्याशिवाय "आयएनबीडीई कायमची चालते" किंवा "ती पाच वर्षांनी संपते" यांपैकी कोणतेही विधान खरे धरू नये. मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही दोन्ही विधाने फिरत असतात. सांगणारा बहुधा स्वतःच्या राज्यापुरते बरोबर सांगत असतो, पण ते आपल्या राज्याला लागू पडेलच असे नाही.

निकाल जुना झाला की परीक्षा पुन्हा देऊन तो ताजा करून घेऊ, असे काही अर्जदार सहज म्हणतात. तसे करता येत नाही. एकदा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला ही परीक्षा स्वतःच्या इच्छेने पुन्हा देता येत नाही, राज्य बोर्डाने किंवा तशाच नियामक संस्थेने तशी मागणी केली तरच ती देता येते.

अजून उत्तीर्ण न झालेल्या उमेदवारांना दुसरी मर्यादा लागू होते. पहिल्या प्रयत्नापासून पाच वर्षे किंवा एकूण पाच प्रयत्न, यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्याच्या आत परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. त्यानंतर दर बारा महिन्यांत एकदाच बसता येते. म्हणून "एकदा बसून तर बघू" या विचाराने तयारीशिवाय दिलेला पहिला प्रयत्न आम्हाला योग्य वाटत नाही. त्या दिवसापासून पाच वर्षांची मोजणी सुरू होते आणि पाचांपैकी एक संधी कमी होते.

ज्यांच्याकडे फक्त जुना पार्ट वन आहे

२०२३ मध्ये आमच्याकडे एक डॉक्टर आल्या होत्या. त्यांनी २०१७ साली पार्ट वन उत्तीर्ण केला होता, पण लग्न, बाळंतपण आणि स्वतःचे क्लिनिक यांत पार्ट टू राहून गेला. निकालाचा कागद त्यांनी लॅमिनेट करून, पारदर्शक फोल्डरमध्ये अगदी वर ठेवला होता. "हा तरी माझ्याकडे आहे," असे म्हणत त्यांनी तो टेबलावर ठेवला. पार्ट टू बंद झाल्यामुळे तो कागद आता पूर्ण होऊ शकत नाही आणि त्यांना संपूर्ण आयएनबीडीई द्यावी लागेल, हे सांगणे आम्हाला जड गेले. पार्ट वनचा त्यांचा निकाल रद्द झाला नव्हता, पण त्याचा जोडीदार भाग देण्याची वाट बंद झाली होती. त्यांच्यासारख्या स्थितीत असलेल्या प्रत्येकाने हा निर्णय मनात लवकर पक्का करावा आणि पार्ट वनच्या जुन्या नोट्सवर भिस्त न ठेवता नव्या परीक्षेची तयारी सुरू करावी. आयएनबीडीईमध्ये मूलभूत विज्ञान आणि क्लिनिकल विषय एकाच रुग्णाच्या प्रसंगात गुंफून विचारले जातात.

ज्यांनी दोन्ही भाग वेळेत उत्तीर्ण केले आहेत त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा निकाल राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झाल्याचाच निकाल आहे. त्यांनी आपल्या राज्याची कालमर्यादा तेवढी तपासावी.

इंग्रजीची परीक्षा

टोफेलचा स्कोअर परीक्षेच्या तारखेपासून दोन वर्षे वैध असतो आणि त्यानंतर तो कोणाकडेही पाठवला जात नाही. आयईएलटीएससाठीही साधारणपणे दोन वर्षेच धरली जातात. संपूर्ण फाइलमध्ये सर्वांत लवकर शिळा होणारा कागद हाच, आणि बहुतेक अर्जदार सर्वांत आधी हीच परीक्षा देऊन मोकळे होतात. त्यामागची भावना आम्हाला समजते: इंग्रजी सोपे वाटते, ते उरकले की काहीतरी पुढे सरकल्यासारखे वाटते.

एक उदाहरण पाहू. एखाद्या अर्जदाराने ऑगस्ट २०२४ मध्ये टोफेल दिली, त्यानंतर गुणपत्रिकांचे मूल्यमापन करून घेतले आणि मग आयएनबीडीईचा अभ्यास सुरू केला. मधे एक प्रयत्न हुकला आणि परीक्षा २०२६ च्या सुरुवातीला उत्तीर्ण झाली. आता परदेशी डेंटिस्टांसाठी असलेल्या कॅपिड या सामाईक अर्जव्यवस्थेतून विद्यापीठांकडे अर्ज करायची वेळ आली, तेव्हा टोफेलचे जेमतेम काही महिने उरलेले असतात. दोन वर्षे नेमकी कोणत्या तारखेपर्यंत मोजायची हे प्रत्येक विद्यापीठ आपापल्या सूचनेत सांगते. त्यामुळे हाच स्कोअर एका ठिकाणी चालेल आणि दुसऱ्या ठिकाणी नाकारला जाईल अशी स्थिती येते. म्हणून आमचा सल्ला असा आहे की आधी आयएनबीडीई उत्तीर्ण व्हावे, आणि अर्ज करायच्या वर्षाच्या थोडे आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी.

क्लिनिकल परीक्षा आणि राज्यांचे नियम

परदेशी पदवीधराला बहुतेक राज्यांत आधी मान्यताप्राप्त अमेरिकी महाविद्यालयाचा अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंग (आधीची पदवी धरून वरच्या वर्षात प्रवेश देणारा) अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, जो साधारण दोन ते तीन वर्षांचा असतो. क्लिनिकल परीक्षेची वेळ त्यानंतर किंवा त्याच्या शेवटच्या टप्प्यात येते. अनेक राज्ये अ‍ॅडेक्स ही परीक्षा स्वीकारतात, आणि तिचा निकाल किती जुना चालेल यात राज्याराज्यांत मोठा फरक आहे. फ्लोरिडाच्या कायद्यात त्या राज्यात दिलेल्या अ‍ॅडेक्सच्या निकालासाठी, तो जाहीर झाल्यापासून ३६५ दिवसांची मुदत लिहिलेली आहे, तर कॅलिफोर्नियात अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतील क्लिनिकल परीक्षेचा निकाल पाहिला जातो. न्यूयॉर्कमध्ये क्लिनिकल परीक्षाच घेतली जात नाही. तिथे २००७ पासून तिच्या जागी मान्यताप्राप्त रेसिडेन्सी (पदवीनंतरचे देखरेखीखालील प्रत्यक्ष प्रशिक्षण) करावी लागते. हे नियम बदलत राहतात. त्यामुळे परीक्षेची तारीख ठरवण्याआधी आपल्या राज्य बोर्डाचा त्या वेळी लागू असलेला नियम आम्ही ग्राहकासमोर उघडून वाचतो, आणि ग्राहकांनीही तो स्वतः वाचावा असा आमचा आग्रह असतो.

कोणत्या राज्यात स्थायिक व्हायचे हे ठरलेले नसेल, तर मनात असलेल्या राज्यांपैकी सर्वांत कडक मुदत धरून चालणे सुरक्षित असते.

मूल्यमापन, नाव आणि निकाल पाठवणे

आयएनबीडीईला बसण्यासाठी परदेशी पदवीधराला आपल्या गुणपत्रिकांचे मूल्यमापन ईसीई या संस्थेकडून करून घ्यावे लागते. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून गुणपत्रिका अधिकृतपणे रवाना होण्यात किती दिवस जातात, हे तिथे फेऱ्या मारलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. परीक्षेचा अर्ज मंजूर झाल्यावर परीक्षा देण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळते. अर्ज घाईने भरून अभ्यास मागे राहिला तर ही मुदतही निघून जाते.

अर्जातील नाव आणि परीक्षा केंद्रावर दाखवायच्या ओळखपत्रातील नाव तंतोतंत एक असावे लागते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या आणि पदवी माहेरच्या नावावर असलेल्या डॉक्टरांनी हा मेळ परीक्षेच्या आधी, शक्य असल्यास मूल्यमापनाच्याही आधी घालून घ्यावा. निकाल वैध असूनही नावातील फरकामुळे फाइल महिनोन्‌महिने अडकून राहते. याचबरोबर हेही लक्षात ठेवावे की बोर्ड आणि विद्यापीठे निकाल मूळ संस्थेकडूनच मागवतात. आपल्याजवळची छायाप्रत, ती कितीही स्वच्छ असली तरी, त्याची जागा घेऊ शकत नाही.

पहिल्या भेटीला येताना

आपण दिलेल्या प्रत्येक परीक्षेची तारीख सोबत आणावी. त्यात अनुत्तीर्ण झालेले प्रयत्नही असावेत, कारण पाच प्रयत्नांच्या मर्यादेत तेही मोजले जातात आणि ते आमच्यापासून लपवल्यास सल्ला चुकतो. पासपोर्ट, पदवी आणि गुणपत्रिका यांवरील नावे एका कागदावर जशीच्या तशी, स्पेलिंगसह लिहून आणावीत. मनात असलेल्या राज्यांची नावे सांगितलीत तर अर्जाच्या इच्छित तारखेपासून मागे मोजत, कोणती परीक्षा कोणत्या महिन्यात द्यावी याचा तक्ता आम्ही आपल्यासोबत बसून तयार करू.