जारमध्ये जार का चालत नाही? स्कालाच्या फॅट जारमागची जुनी भानगड

परवा आयटी पार्कजवळ तर्री पोहे खाता खाता टीममधला नवीन पोरगा म्हणाला, "दादा, लॅपटॉपवर मस्त चालून राहिलं, पण सर्व्हरवर जार टाकली का स्काला-प्रीडेफ सापडत नाही म्हणून रडते." जार म्हणजे प्रोग्रामच्या फाइली एकत्र बांधलेली फाइल, स्काला ही जावाच्याच यंत्रणेवर चालणारी प्रोग्रामिंग भाषा, आणि प्रीडेफ हा तिच्या लायब्ररीचा एक भाग. सांगायला बसलो, पण पोहे थंड व्हायला लागले, म्हणून इथं सगळं सविस्तर लिहून टाकतो.

तर जार ही मुळात प्रोग्राम चालवायसाठी बनलीच नव्हती. तेव्हा जावा म्हणजे ब्राउझरमधले ॲप्लेट (वेबपानात चालणारे छोटे प्रोग्राम), आणि ब्राउझर एकेक क्लास फाइल (कंपाइल झालेल्या कोडचा तुकडा) वेगळी मागवायचा, म्हणजे पन्नास फाइली तर पन्नास फेऱ्या, त्यात मोडेमचा स्पीड. म्हणून १९९७ मध्ये जेडीके १.१ सोबत जार आली, सगळं एकाच गाठोड्यात. आतून साधी झिपच, फिल काट्झचा १९८९ चा फॉरमॅट, वरून मॅनिफेस्ट म्हणजे जारबद्दलच्या माहितीची एक फाइल. त्यात मेन-क्लास (प्रोग्राम कुठून सुरू करायचा ते) लिहून 'जावा -जार' मारायची सोय तर १९९८ च्या १.२ मध्ये आली.

पण गाठोड्यात दुसरं गाठोडं ठेवलं तर नेहमीचा क्लासलोडर (क्लास शोधून आणणारा जावाचा भाग) ते उघडत नाही. मॅनिफेस्टमध्ये क्लास-पाथ (बाकीच्या जार कुठं आहेत ते) देता येतो, पण त्या जार बाहेर शेजारीच ठेवाव्या लागतात. आणि -जार वापरलं की तुम्ही कमांडवर दिलेल्या -सीपीकडे, म्हणजे तिथल्या क्लास-पाथकडे, जावा ढुंकूनही पाहत नाही (यात माझी एक अख्खी रात्र गेली आहे, असो).

जावावाल्यांचं तरी बऱ्यापैकी भागायचं, कारण त्यांची स्टँडर्ड लायब्ररी जेआरईमध्येच, म्हणजे जावा चालवायच्या संचातच असते. स्काला आली स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल विद्यापीठातून, मार्टिन ओडर्स्कीनं २००१ ला डिझाइन सुरू केलं, २००४ ला लोकांच्या हातात. बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) तोच, जेव्हीएम (तो चालवणारं जावाचं मशीन) तेच, पण लिस्ट, ऑप्शन, प्रीडेफ हे सगळं स्वतःच्या लायब्ररीत, आणि ती कुठल्याच जेआरईत नसते. म्हणजे नुसत्या हॅलो वर्ल्डलाही पाचेक एमबीची जार सोबत न्यायची, तर्री वेगळ्या पिशवीत बांधून देतात ना पार्सलला, तसं, आणि पिशवी दुकानातच राहिली की मग बसा कोरडे पोहे खात.

यावर दोन तोडगे निघाले. वन-जारनं स्वतःचा क्लासलोडर घुसवला जो आतल्या जार वाचतो. दुसरा तोडगा धसमुसळा पण तोच टिकला: सगळ्या जार उघडून आतल्या फाइली काढायच्या आणि एकच मोठी बांधायची, हीच फॅट जार. त्यासाठी मेव्हन या बिल्ड टूलमध्ये शेड प्लगइन, स्कालाच्या एसबीटी या बिल्ड टूलमध्ये असेंब्ली. आता दोन लायब्रऱ्यांत एकाच नावाची फाइल निघाली की कोणती ठेवायची? असेंब्ली इथं अडून बसते आणि मर्ज स्ट्रॅटेजी (कोणती फाइल ठेवायची, कोणत्या जोडायच्या त्याचा नियम) मागते, मग जो तो कुठून तरी उचललेली 'मेटा-इन्फ डिस्कार्ड' ओळ चिकटवतो, म्हणजे जारमधलं मेटा-इन्फ हे माहितीचं फोल्डर अख्खं फेकतो. त्यातल्या डिजिटल सह्यांच्या फाइली काढणं बरोबरच, जुन्या सह्या नव्या जारला लागू होत नाहीत, पण त्याच फोल्डरमधल्या सर्व्हिसेसच्या फाइली (कुठल्या कामाला कोणता क्लास वापरायचा ते सांगणाऱ्या) जोडायच्या असतात, उडवायच्या नसतात. अक्का ही लायब्ररी वापरणाऱ्यांची रेफरन्स कॉन्फ (डीफॉल्ट सेटिंगची फाइल) पण तशीच, पहिली ठेवून बाकीच्या फेकल्या की बिल्ड हिरवं दिसतं आणि ॲप उठता उठता मरतं.

त्यात स्काला २.११ पर्यंत प्रत्येक छोट्या फंक्शनची वेगळी क्लास फाइल बनायची, आणि जुन्या झिपमध्ये ६५,५३५ च्या वर फाइली मावत नाहीत. जावा ७ नं झिप-६४ (ही मर्यादा नसलेला झिपचा प्रकार) आणलं, आणि २०१६ च्या स्काला २.१२ नं जावा ८ चे लॅम्डा (बिननावाची छोटी फंक्शनं) वापरून ही गर्दीच कमी केली. स्पार्क (अनेक मशीनवर डेटा प्रोसेस करणारी यंत्रणा) वापरणाऱ्यांचं अजून वेगळं, क्लस्टरवर स्पार्क असतेच, म्हणून तिला 'प्रोव्हायडेड' लिहून बाहेर ठेवायचं. आता स्काला सीएलआय या कमांड टूलमध्ये पॅकेजला असेंब्लीचा ऑप्शन दिला की काम होते, पण आपल्याकडं एसबीटीच चालून राहिली आहे.

शेवटी मी पोराला विचारलं, जारचा साइज किती? म्हणे चाळीस केबी. एसबीटी पॅकेज मारलं होतं भाऊनं, जे फक्त आपलाच कोड बांधतं, असेंब्ली नाही.