थायरॉईडच्या न्यूनतेत अ‍ॅक्युपंक्चर

थायरॉईड म्हणजेच अवटू ग्रंथी पुरेसे संप्रेरक बनवत नसेल, तेव्हा रोजची गोळी चालू ठेवून थकवा, अंगदुखी, झोपेच्या तक्रारी यांवर उतारा म्हणून घेतला जाणारा सुयांचा पूरक उपचार. ‘पूरक’ हा यातला कळीचा शब्द आहे. आटलेले संप्रेरक सुया भरून काढतात, असे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

जिथे आहारातून आयोडीन पुरेसे मिळते तिथे या न्यूनतेचे मुख्य कारण हाशिमोटो विकार असते. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. माणूस गळून जातो, वजन चढते, पोट साफ होत नाही, केस गळतात, इतरांना उकडत असताना याला थंडी वाजते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक सोडून थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड दाद देईनाशी झाली की रक्तातला टीएसएच वाढत जातो. उपाय म्हणजे लेव्होथायरॉक्सिनची गोळी. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने, आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. अनेक घरांत गोळी आणि चहाचा कप एकाच वेळी तोंडाला लागतात आणि औषध नीट शोषले जात नाही. सुयांचा विचार करण्याआधी ही एक सवय तपासावी.

ही पद्धत ज्या जुन्या चिनी वैद्यकातून आली, त्यात थायरॉईड असा वेगळा अवयव नाही. या लक्षणांकडे तिथे मूत्रपिंड आणि प्लीहा यांतील ‘यांग’, म्हणजे ऊब देणारी शक्ती, उणी पडल्याची खूण म्हणून पाहतात. म्हणून सुया गळ्यापेक्षा पाय, पोट, कंबर इथेच जास्त टोचल्या जातात. झूसानली हा बिंदू गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला असतो; ग्वानयुआन बेंबीखाली चार बोटांवर. साधारण पाव मिलिमीटर जाडीची, एकदाच वापरायची निर्जंतुक सुई त्वचेत जाते तेव्हा जेमतेम मुंगी चावल्यासारखे वाटते. मग आत जडपणा, बधिरपणा पसरतो. चिनी वैद्य त्याला ‘दे-छी’ म्हणतात आणि सुई योग्य जागी लागल्याची ती खूण मानतात. वीस ते तीस मिनिटे रुग्ण तसाच पडून राहतो. जोडीला काही जण मोक्साचा शेक देतात. मोक्सा ज्या वनस्पतीच्या वाळवलेल्या पानांपासून बनतो, ती आपल्या जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्याच जातकुळीतली.

गुण किती येतो? दीर्घकाळच्या पाठदुखी-गुडघेदुखीत आणि केमोथेरपीनंतरच्या मळमळीत अ‍ॅक्युपंक्चरच्या बाजूने बऱ्यापैकी पुरावा आहे. थायरॉईडच्या न्यूनतेबाबत मात्र तो तोकडा आहे. सौम्य वाढलेला टीएसएच अनेकदा आपोआप खाली येतो. बाळंतपणानंतर बिघडलेली ग्रंथीही बहुतेक जणींत काही महिन्यांनी सावरते. त्याच काळात सुया घेतल्या असतील तर श्रेय सुयांना मिळते. शिवाय केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे काही तपासण्यांत टीएसएच खोटाच कमी दिसतो. म्हणून एका रिपोर्टवरून ‘थायरॉईड बरा झाला’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. लेव्होथायरॉक्सिनचा अंमल हळू उतरतो. रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे गोळी सोडणाऱ्याला पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही आणि फसगत होते ती इथेच. सुयांनंतर शांत झोप लागली, अंग हलके वाटले, तर तो आराम खराच आहे. तो गोळी चालू ठेवूनही मिळतो.

भारतात ही पद्धत रुजवण्यात डॉ. बिजयकुमार बसू यांचा वाटा मोठा. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ मध्ये पाठवलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातून ते तिथे गेले होते. पुढे पुन्हा तिथे जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर याच पाच जणांच्या पथकात होते. कोटणिसांचे नाव आज अ‍ॅक्युपंक्चरशी जोडले जाते. ते स्वतः मात्र शल्यविशारद होते. महाराष्ट्राने या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदाही केला आहे.

रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ते आधी सांगावे. गळ्यावरचा रेनयिंग बिंदू मुख्य रक्तवाहिनीलगत असल्याने तिथे अननुभवी हात नको. घोट्याच्या वरचा सानयिनज्याव बिंदू गरोदरपणी परंपरेने टाळतात. गरोदर स्त्रीला संप्रेरकाची गरज वाढते. तिचा डोस डॉक्टरांनीच वेळोवेळी ठरवायचा असतो. जन्मजात न्यूनता असलेल्या बाळाला तर पहिल्या दोन आठवड्यांतच गोळी सुरू व्हावी लागते, नाहीतर मेंदूच्या वाढीत कायमचे नुकसान राहते. तिथे सुयांना जागाच नाही.