पाळकांची बदली म्हणजे शिक्षा नव्हे

मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत (स्थानिक चर्चमध्ये) पाळक, म्हणजे धर्मगुरू, बदलले की कुजबुज सुरू होते: ‘कोणीतरी तक्रार केली असणार’, ‘कमिटीनं काढून टाकलं.’ ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यामुळे चांगल्या सेवकांची मनं दुखावतात, म्हणून हा खुलासा.

बिशप असलेल्या मेथडिस्ट परंपरेत स्थानिक मंडळी पाळकाला नोकरीवर ठेवत नाही, त्यामुळे ती काढूही शकत नाही. दीक्षा मिळालेल्या पाळकाचं सभासदत्वसुद्धा त्या मंडळीत नसतं, ते वार्षिक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे अनेक मंडळ्यांच्या प्रादेशिक संघटनेत, असतं. नेमणूक बिशप करतात, तीही एका वर्षापुरती. ती पुन्हा होऊ शकते, आणि अनेकदा होतेच. मंडळीचं म्हणणं ऐकलं जातं, पण निर्णय तिचा नसतो.

याचं मूळ मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या फिरत्या प्रचारकांत आहे. वेस्ली स्वतः घोड्यावरून गावोगाव हिंडले. एकाच जागी वर्षभर उपदेश केला तर आपण आणि श्रोते दोघंही झोपी जाऊ, असं त्यांनी एका पत्रात लिहिलं होतं. अमेरिकेत तर 1804 साली नियमच झाला की एका ठिकाणी सलग दोन वर्षांहून जास्त राहायचं नाही. ही मर्यादा 1864 मध्ये तीन, 1888 मध्ये पाच वर्षं झाली आणि 1900 साली उठली.

तक्रारीवरून बदली कधीच होत नाही, असं मी म्हणत नाही. पण जाणाऱ्या पाळकाच्या कुटुंबाकडे संशयानं पाहण्याआधी विचारा, ते किती वर्षं इथं होते?