पुस्तकातलं वऱ्हाड पडद्यावर नेताना

मेळघाटच्या पायथ्याचं परतवाडा मराठी सिनेमाच्या गप्पांमध्ये सहसा कुणाला आठवत नाही. गो. नी. दांडेकर १९१६ साली तिथे जन्मले आणि अरुण साधूही १९४१ साली तिथेच. दांडेकरांच्या 'जैत रे जैत'वर १९७७ साली आणि साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर मिळून १९७९ साली ('सिंहासन') जब्बार पटेल यांनी चित्रपट केले. पहिला कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांचा, दुसरा मुंबईतल्या सत्ताकारणाचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे महेश एलकुंचवार यांच्या नाटकांवरून १९८४ साली 'होली' आणि 'पार्टी' हे हिंदी चित्रपट झाले, दोन्हींच्या पटकथेत त्यांचा हात होता. त्यातलाही एक कॉलेजच्या वसतिगृहातला आणि दुसरा मुंबईच्या दिवाणखान्यातला. विदर्भाचे लेखक पडद्यावर पोचले, विदर्भाचं वावर, म्हणजे शेत, मात्र धुऱ्यापाशीच, बांधावरच राहिलं.

मुंबई लांब, निर्माते तिकडचे, ही कारणं खरी आहेत. पण अर्धं कारण रूपांतराच्या कामातच दडलेलं आहे आणि ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

मराठीत कादंबरीवरून चित्रपट करण्याची रीत मूकपटाच्या काळापासूनची. बोलपट आल्यावर मूळ लेखकालाच पटकथा लिहायला बसवण्याचा एक चांगला पायंडा पडला. प्रभातचा १९३७चा 'कुंकू' हे त्याचं ठळक उदाहरण. नारायण हरी आपटे यांनी आपल्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीची पटकथा लिहिली. म्हाताऱ्या नवऱ्याचं वय, त्याचं थकत जाणं हे कादंबरीत वाक्यांनी सांगता येतं. चित्रपटात ते काम भिंतीवरच्या जुन्या घड्याळाकडे दिलं आहे. पार्श्वसंगीतही वापरलेलं नाही, त्यामुळे घरातला प्रत्येक आवाज कानावर येतो. मनातली गोष्ट हातात धरता येईल अशा वस्तूवर आणून ठेवायची, हा या धंद्यातला पहिला धडा, आणि तो इतक्या लवकर इतका नीट गिरवला गेला होता.

१९५३च्या 'श्यामची आई'पुढे अडचण वेगळी होती. पुस्तक ४२ रात्रींमध्ये विभागलेलं, प्रत्येक रात्र स्वतंत्र आठवण. एका माळेत ओवलेल्या आठवणी वाचायला गोड लागतात, पण पडद्यावर त्या तशाच ठेवल्या तर प्रेक्षक चौथ्या-पाचव्या प्रसंगाला चुळबुळ करतो, कारण पुढे काय होणार ही ओढच नसते. आचार्य अत्र्यांनी निवड केली आणि आई-मुलाचं नातं हा एकच धागा शेवटपर्यंत ताणून धरला. १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळालं.

यापुढचा मोठा टप्पा विजय तेंडुलकरांचा. साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या त्यांनी एका पटकथेत आणल्या. पात्रं डझनावारी, कारस्थानं गुंतलेली. तेंडुलकरांनी दिगू टिपणीस या वार्ताहराला धागा केलं, कारण वार्ताहर मंत्र्याच्या बंगल्यातही जातो आणि कामगारांच्या सभेतही. पुढे १९८२ साली शांता निसळ यांच्या 'बेघर'वरून 'उंबरठा'ची पटकथाही त्यांचीच. रूपांतर हे मूळ लिखाणाइतकंच अवघड आणि मानाचं काम आहे, हे मराठीत तेंडुलकरांमुळे लोकांच्या लक्षात आलं, असं म्हणायला हरकत नाही.

आता कामाचं गणित पाहू. २५० पानांची कादंबरी, पानाला ३०० शब्द धरले तर ७५,००० शब्द. दोन तासांच्या चित्रपटाची पटकथा ११० ते १२० पानांची, ६० ते ८० प्रसंगांची. त्यात माणसांच्या तोंडी येणारे शब्द फार तर १०,०००. म्हणजे आठातले सात शब्द जाणार, हे पहिल्या दिवशीच कबूल करून बसावं लागतं. पहिलं वाचन पेन न घेता करायचं. दुसऱ्या वाचनात एकेक घटना एकेका कार्डावर उतरवायची: प्रसंगात कोण आहे, महिना कोणता, डोळ्यांना काय दिसतं, आणि काय नुसतं मनात आहे. दीड-दोनशे कार्डं सहज होतात. मग ती जमिनीवर पसरून, एकच गोष्ट सांगणारी दोन कार्डं दिसली की कमजोर कार्ड उचलायचं. उरलेल्यांवरून वन लाइन, म्हणजे प्रत्येक प्रसंगाचं एका ओळीतलं टिपण, आणि ती पक्की झाल्यावरच संवाद. नवे लेखक उलटं करतात. कादंबरीतले आवडते संवाद आधी उतरवून घेतात, मग ते वाचवण्यासाठी प्रसंग रचतात, आणि मध्यंतरापर्यंत ९० पानं होऊन बसतात.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब इंग्रजी टाइपरायटरच्या ठरावीक अक्षरावरून आलेला आहे. देवनागरीत टंक (फॉन्ट) बदलला की तो कोलमडतो. घड्याळ लावून मोठ्यानं वाचणं हाच उपाय, आणि वऱ्हाडी संवाद असतील तर वाचणारा माणूस वऱ्हाडातलाच हवा. तिथला हेल लांब आहे. वाक्याच्या शेवटचं 'बाप्पा' आणि मधला 'हौ नं' हे सगळं वेळ खातं, आणि ते कापलं तर माणूसच बदलतो.

विदर्भाच्या कादंबरीची खरी मेख इथे आहे. उद्धव शेळके यांची १९६०ची 'धग' घ्या. (२०१२चा त्याच नावाचा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपट या कादंबरीवर आधारलेला नाही, गोष्टच निराळी आहे. गोंधळ नेहमी होतो म्हणून सांगितलं.) 'धग'मध्ये निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत आहेत. पुण्या-मुंबईच्या वाचकाला निवेदन हात धरून नेतं, बोली अडली तरी पुढचं वाक्य आधार देतं. चित्रपटात निवेदक जातो. उरतं ते फक्त कौतिक या नायिकेच्या घरातलं बोलणं. कादंबरीत आधार असलेला प्रेक्षक इथे एकदम उघड्यावर येतो, निर्मात्याच्या पोटात गोळा येतो, आणि मग 'बोली थोडी सौम्य करू' हे वाक्य येतं. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यावरचा धीरज मेश्राम यांचा चित्रपट झाला तो हिंदीत. बुलडाणा जिल्ह्यातल्या साक्षरता मोहिमेवरची रमेश इंगळे उत्रादकर यांची 'निशाणी डावा अंगठा' २००९ साली मराठीत पडद्यावर आली, तेवढाच दिलासा.

सौम्य केलेली बोली कशी ओळखावी? 'मला'चं 'मले' केलेलं असतं, बाकी वाक्य पुण्याचंच राहतं. 'मी काय करतोय ते मला माहीत आहे' याचं 'मी काय करून राह्यलो थे मले मालूम हाय' होतं. क्रियापदच वेगळं चालतं. 'तू कुठं गेलास?' यातला शेवटचा 'स' वऱ्हाडात नाही, 'तू कुठी गेला?' असं येईल. नटाच्या तोंडी तो 'स' राहून गेला की अकोल्याच्या थिएटरात पहिल्या पाच मिनिटांत भरवसा जातो, मग कितीही 'बाप्पा' घाला. उलट टोकाची चूक म्हणजे प्रत्येक 'ळ'चा 'य' करणं. डोळा 'डोया', शाळा 'शाया', पोळा 'पोया' हे खरं, पण गावातले गुरुजी, तलाठी, शिकून आलेला मुलगा तसं बोलतीलच असं नाही. एकाच घरात माय 'डोया' म्हणते आणि मॅट्रिक झालेला पोरगा 'डोळा' म्हणतो, त्या एका अक्षरात पिढीतलं अंतर दिसतं आणि त्यासाठी प्रसंग खर्च करावा लागत नाही. आणि पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत गेलं की तोच डोळा 'डोरा' होतो. वर्ध्याच्या अलीकडची आणि पलीकडची बोली एकाच पात्राच्या तोंडी मिसळलेली ऐकली की जीव हळहळतो, कारण ही चूक टाळायला पैसा लागत नाही, एक जाणता कान लागतो.

निवेदन गेल्यावर जे दाखवायचं राहतं, ते बोलीनं भरून निघत नाही. 'शेजारणीकडे ज्वारी मागायला जाताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं' असं एक वाक्य कादंबरीत असेल, तर पटकथेत ती लाज कुठेतरी दिसायला हवी. बाई टोपलं पदराखाली झाकून, मागच्या बोळीनं, कोठ्याच्या (गोठ्याच्या) बाजूनं जाते. परतताना ज्वारी असूनही टोपलं झाकलेलंच असतं. ओळ दीड, संवाद शून्य. हेच जर 'काय करू माय, घरात दाणा नाही' असं बोलून दाखवलं तर कादंबरी स्वस्त होते.

हक्कांचं काम लेखनाच्या आधी उरकायचं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. दांडेकर १९९८ साली गेले, म्हणजे त्यांच्या लिखाणावर २०५८ अखेरपर्यंत. करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. एका वर्षात हक्क वापरला नाही तर, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तो परत जातो. मुहूर्ताच्या नारळापर्यंत दीड वर्ष सहज जातं, तेव्हा ही मुदत आधीच वाढवून घ्यावी. गावाकडच्या लेखकाच्या बाबतीत अडचण येते ती सह्यांची. मुलगा अमरावतीला, मुलगी नाशिकला, सून गावी. एकाची सही राहिली की चित्रीकरण सुरू झाल्यावर नोटीस येते. प्रकाशकाकडे छापण्याचा हक्क असतो, चित्रपटाचा असेलच असं नाही, मूळ करार मागून पाहावा. हक्क विकल्यावरही मूळ कृतीची मोडतोड झाली तर लेखकाला कलम ५७चा आधार आहे. मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी'वरच्या चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयानं १९८६ साली हेच सांगितलं: माध्यमासाठी लागणारे बदल चालतील, कृतीच बदलून टाकणं चालणार नाही.

रूपांतरकार म्हणून उभं राहायचं तर विदर्भातल्या लेखकाला पहिलं काम बहुधा संवाद तपासण्याचं मिळतं. ते कमी समजू नये, पण श्रेयनामावलीत नाव कोणत्या शब्दांत येणार हे करारात आधीच लिहून घ्यावं. मराठीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी श्रेयं आहेत. मानधन टप्प्यांत घ्यावं: करारावर, पहिल्या खर्ड्यावर, पक्क्या पटकथेवर. झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीनंतर रात्रभर चालणारी नाटकं लिहिणाऱ्यांना कथानक पहाटेपर्यंत पेलण्याची सवय असते, ती इथे फार कामाला येते. त्यांना मोडावी लागते ती एकच सवय, मागच्या रांगेला ऐकू जावं म्हणून प्रत्येक भावना शब्दात सांगण्याची.

शेवटची गोष्ट पिकाची, आणि ती पटकथेतच ठरते. कपाशीवरची कादंबरी वर्षभर चालते. मृगात पेरणी, श्रावणात डवरणी (ओळींमधली कोळपणी), दसरा-दिवाळीच्या सुमाराला पहिली वेचणी, मग उलंगवाडी, म्हणजे हंगामाचा शेवट. कार्डांवर महिना लिहायचा तो यासाठी. हिरवी पऱ्हाटी (कपाशीचं झाड) आणि फुटलेली बोंडं एकाच दौऱ्यात मिळत नाहीत. जुलै, नोव्हेंबर आणि एप्रिल असे तीन दौरे धरावे लागतात. पैसे दोनच दौऱ्यांचे असतील तर उन्हाळ्यातले प्रसंग घरात, कोठ्यात किंवा रात्रीचे करून लिहावेत. १९५०-६०च्या काळातली गोष्ट असेल तर आणखी एक पेच आहे. आज वावरात दिसते ती २००२नंतर आलेली बीटी कपाशी, आणि ज्वारीच्या जागी सोयाबीन. त्या काळची डोक्याच्या वर जाणारी ज्वारी बाजूच्या शिवारात तयार सापडेल या भरवशावर राहू नये. दोन-तीन एकर वावर ठोक्यानं, म्हणजे ठरावीक रकमेवर कसायला घेऊन, उंच वाढणारं देशी बियाणं आधीच मिळवून, स्वतः पेरून घ्यावं लागतं. कणसं भरू लागली की पाखरं येतात, म्हणून राखणीला माणूस आणि मचाण दोन्ही हवे. आणि पेरणी जूनच्या पावसावर होते, तेव्हा कोणत्या प्रसंगाला किती वावर लागणार हे सांगणारी पक्की पटकथा मे महिना संपायच्या आत शेतमालकाच्या ओट्यावर पोचलेली हवी.