भिंगाचं सूत्र आलं कुठून आणि त्यात तो मायनस कसा घुसला

आमच्या ठाण्याच्या घरात गॅलरीतून येऊरचा डोंगर दिसतो. परवा दहावीतल्या भाचीला म्हटलं वही मिट, हे भिंग घे आणि गॅलरीसमोरच्या भिंतीजवळ धरून हळूहळू मागे-पुढे कर. करता करता एका जागी अख्खा डोंगर भिंतीवर उलटा उतरला, हिरवा रंग, वरचं आभाळ खाली, सगळं. भिंतीपासून भिंगापर्यंत पट्टी लावली तर 20 सेंमी. झालं, हेच नाभीय अंतर f, म्हणजे लांबून आलेले किरण भिंगामागे जिथे एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर, कारण डोंगर इतका लांब की भिंगापासून त्याचं अंतर u धरलं तर 1/u जवळजवळ शून्यच.

मग ती म्हणाली, मामा, असं नुसतं मोजता येतं तर 1/v − 1/u = 1/f कशाला (v म्हणजे भिंगापासून प्रतिमेचं अंतर), आणि u मायनस का? प्रश्न एकदम रास्त आहे.

चष्मे इटलीत 13व्या शतकाच्या अखेरीस बनायला लागले, म्हणजे कारागीर सूत्राशिवायच 300 वर्षं काचा घासत होते. 'फोकस' हा शब्द खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1604 मध्ये वापरला, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चूल, उन्हात भिंग धरून कागद जाळलेल्याला तो लगेच पटेल. 1611 मध्ये त्याने भिंगांवर पुस्तकच लिहिलं, आणि तेव्हा अपवर्तनाचा, म्हणजे काचेत शिरताना किरण नेमका किती वळतो याचा, नियम त्याच्याकडे नव्हता बरं का, तो फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने छापला 1637 मध्ये. केप्लरने काय केलं, कोन 30 अंशांच्या आत असेल तर काचेत शिरताना किरण त्या कोनाच्या साधारण एक तृतीयांश वळतो एवढं धरलं आणि त्यावरून काढलं की दोन्ही बाजू सारख्या फुगीर असतील तर नाभीय अंतर वक्रतेच्या त्रिज्येएवढं (भिंगाची बाजू ज्या गोलाचा तुकडा, त्या गोलाची त्रिज्या), एक बाजू सपाट असेल तर त्याच्या दुप्पट. मला हे फार थोर वाटतं. आपलं आजचं सूत्रही पातळ भिंग आणि लहान कोन यांनाच लागू पडतं, ते याच वाटेने आलंय म्हणून.

दोन बाजूंची वक्रता वेगळी असेल तर काय, ते इटालियन गणिती काव्हालिएरीने 1647 मध्ये सांगितलं. पण बहिर्वक्र, अंतर्वक्र, किरण जवळ येणारे, लांब जाणारे, प्रत्येकाला वेगळा नियम कोण लक्षात ठेवणार? 1693 मध्ये हॅलीने, हो तोच धूमकेतूवाला, बीजगणित लावून सगळं एका सूत्रात बसवलं आणि कुठली बाजू ते चिन्हावर सोडलं. मायनसचं काम तिथून सुरू झालं.

आपल्या पुस्तकात अंतरं प्रकाशीय मध्यापासून, म्हणजे भिंगाच्या मधल्या बिंदूपासून, मोजतात आणि प्रकाशाच्या उलट दिशेची मायनस धरतात. मेणबत्ती 30 सेंमीवर म्हणजे u = −30, प्रतिमा 15 वर, मग 1/15 + 1/30 = 1/10, नाभीय अंतर 10 सेंमी. काही पुस्तकांत 1/u + 1/v असतं, तिथे u ला मायनस लावत नाहीत, तेही बरोबरच, पण दोन्ही पद्धती मिसळल्या की उत्तर हमखास चुकतं, पोरांचे मार्क तिथेच जातात.

जाड भिंगांचं गणित जर्मन गणिती गाऊसने 1840 च्या सुमारास मांडलं. आणि 1872 मध्ये फ्रेंच नेत्रतज्ज्ञ मोनोयेने डायॉप्टर हे एकक सुचवलं, म्हणजे मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त, गोखले रोडच्या चष्म्याच्या दुकानात आपण ज्याला 'नंबर' म्हणतो तो हाच. हे ऐकून भाचीने ताईचा वाचायचा चष्मा आणला, नंबर +2.5. एक काच भिंतीसमोर धरली, डोंगर पुन्हा उलटा उतरला, तिनेच पट्टी लावली. 40 सेंमी.