दक्षिणा ते अनुदान: पुस्तकांसाठी सरकारी तिजोरी कशी उघडली

विधिमंडळाचे अधिवेशन जवळ आले की गावोगावच्या वाचनालयांचे कार्यकर्ते निवेदने घेऊन आमदारांच्या दारी जातात. मागण्या जुन्याच असतात: अनुदान वाढवा, वेळेवर द्या, ग्रंथपालाला घर चालवता येईल एवढा पगार द्या. दुरून पाहणाऱ्याला हा एखाद्या खात्याचा किरकोळ हिशेब वाटेल. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न फार मोठा आहे. लोकांचा पैसा पुस्तकांसाठी खर्च करायचा, तर तो कोणापर्यंत पोहोचायला हवा? लिहिणाऱ्यापर्यंत, वाचणाऱ्यापर्यंत, की मधे बसून निवड करणाऱ्यांपर्यंतच? मराठी मुलखात या प्रश्नावरून पहिली ठिणगी पडली ती १८४९ साली, पुण्यात.

पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १८१८ला राज्य गेले, पण कंपनी सरकारने ही प्रथा एकदम मोडली नाही. नव्याने हाती आलेल्या मुलखात नाराजी ओढवून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिच्या मागेही हाच दक्षिणेचा पैसा होता. पुढे दक्षिणेच्या यादीत नवी नावे घेणे थांबले आणि रक्कम शिल्लक पडू लागली. तेव्हा गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, आणि त्यांच्या बरोबरीच्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला. हा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना उत्तेजन म्हणून द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. संस्कृत जाणणाऱ्या मूठभरांकडे जाणारा पैसा सगळ्यांना वाचता येईल अशा भाषेकडे वळवा, हा त्या अर्जाचा अर्थ होता.

शास्त्रीमंडळी खवळली. अर्जावर सह्या करणाऱ्यांना धाक घातला जाऊ लागला. त्या वेळी जोतीराव फुले अवघे २२ वर्षांचे होते. वर्षभरापूर्वीच त्यांनी मुलींची शाळा काढली होती. महार-मांग समाजातले धट्टेकट्टे लोक घेऊन ते सुधारकांच्या संरक्षणाला उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या प्रसंगाकडे आपले फार कमी लक्ष जाते. ज्यांना अक्षर शिकू दिलेले नव्हते तेच लोक मराठी ग्रंथांच्या बाजूने उभे राहिले होते.

सरकारने अर्जाची दखल घेतली. दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि मराठी पुस्तकांना बक्षिसे सुरू झाली. मराठी साहित्याला नियमित सरकारी मदतीची सुरुवात इथून धरता येते, आणि या मदतीतला दोषही इथेच पहिल्यांदा उघडा पडला. १८५५ साली फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. भिक्षुकाकडून नागवले गेलेले एक शेतकरी जोडपे शिक्षणाच्या वाटेकडे वळते, अशी त्याची कथा. ते त्यांनी याच कमिटीकडे पाठवले आणि कमिटीने नाकारले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियनांचे काही चालले नाही, असे त्यांनी पुढे १८८५ साली ‘सत्सार’मध्ये स्वतःच लिहून ठेवले. निधी लोकांसाठी मोकळा झाला होता, निवडीच्या खुर्च्या मात्र पूर्वीच्याच लोकांकडे होत्या.

त्याच सुमाराचा एक कायदा अगदी वेगळ्या हेतूने आला. १८५७चा उठाव ताजा असताना, १८६७ साली, छापखाने आणि पुस्तकांची नोंदणी सक्तीची झाली. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारजमा करायची आणि त्यावरून तिमाही याद्या निघायच्या. हेतू सरळसरळ पाळत ठेवण्याचा होता. पण मराठीत किती आणि काय छापले जाते हे पहिल्यांदा कागदावर आले ते या नोंदींमुळे. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेताना अशाच सरकारी याद्यांचा आधार घेतला. स्वातंत्र्यानंतर या कल्पनेला चांगले रूप मिळाले. १९५४च्या कायद्याने प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर नेमलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवायची, असे ठरले. राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जाणारी प्रत सर्वांत चांगल्या कागदावरची, नीट बांधलेली हवी, इतके बारकावे त्यात आहेत. दंड मात्र जास्तीत जास्त ५० रुपये आणि पुस्तकाची किंमत एवढाच. कायद्याला धाक नसला की काय होते ते संदर्भ शोधणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाला विचारा. हवे ते पुस्तक राष्ट्रीय संग्रहात असेलच याचा भरवसा नसतो.

वाचकाच्या बाजूची कहाणी याला समांतर चालली होती. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) अशी वाचनालये उभी राहिली. काहींच्या मागे इंग्रज अधिकारी होते. पुण्याच्या नेटिव्ह जनरल लायब्ररीमागे लोकहितवादी होते. ही वाचनालये वर्गणीवर चालत. वर्गणी भरू शकेल तो सभासद, बाकीच्यांना दार बंद. १८९३ला ठाण्यात आणि १८९८ला मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली, तीही सरकारने काढली नव्हती. त्यासाठी मराठीवर जीव असणाऱ्यांनीच पुढाकार घेतला होता.

वर्गणीची ही भिंत पाडली बडोद्याने. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेतून बाहेर पडलेला मुलगा हाताशी पुस्तक नसेल तर चार वर्षांत अक्षरे विसरतो, हे त्यांनी ओळखले. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग सुरू झाला. त्या काळात सर्वांत दूरवर गेल्या त्या फिरत्या पेट्या. पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी गावात यायची, काही काळ मुक्काम करायची, आणि वाचून झाली की तिच्या जागी दुसरी यायची. गावाला कायमचे वाचनालय हवे असेल तर गावकऱ्यांनी वर्गणी गोळा करायची, तेवढीच भर स्थानिक पंचायतीने आणि तेवढीच दरबाराने घालायची. गावाने एक पाऊल टाकले की राज्याने आपले टाकायचे, हे या योजनेचे बळ होते. माझ्या मते ग्रंथालयांसाठी आपल्याकडे झालेली ही सर्वांत शहाणी योजना.

ब्रिटिश मुंबई इलाख्याला जाग यायला १९३९ उजाडले. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने ए. ए. ए. फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राज्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंत सहा पायऱ्यांची रचना समितीने सुचवली. १९४० साली अहवाल आला तेव्हा ते मंत्रिमंडळ उरले नव्हते. महायुद्ध सुरू झाले होते आणि अहवाल पडून राहिला. १९४७ साली त्यातला थोडा भाग हाती घेतला गेला. कोल्हापूर संस्थानाने मात्र १९४५ सालीच ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा केला होता.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला ग्रंथालय कायदा मद्रासचा, १९४८चा. त्यामागे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांची दोन दशकांची धडपड होती. या कायद्यात ग्रंथालयांसाठी मालमत्ता कराबरोबर वेगळा उपकर आकारायची सोय झाली. पैशाला स्वतःची वाट मिळाली. अर्थखात्याची मर्जी फिरली तरी पुस्तके थांबत नाहीत, असा त्यातला विचार.

महाराष्ट्राने ही वाट धरली नाही. घटनेने ग्रंथालये हा राज्याचा विषय ठरवल्यामुळे निर्णय पूर्णपणे आपला होता. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम मंजूर झाला आणि १ मे १९६८पासून अमलात आला. त्यात उपकर नव्हता. राज्यात लोकांनी चालवलेली शेकडो वाचनालये आधीपासून होती. त्यांनाच मान्यता द्यायची आणि अंदाजपत्रकातून अनुदान द्यायचे, असे धोरण ठरले. १९७०च्या नियमांनी अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. लोकांनी उभारलेल्या संस्थांवर विश्वास टाकणारा हा मार्ग होता आणि त्याचे फळही मोठे मिळाले. मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या पुढे दहा हजारांच्या पलीकडे गेली. पण उपकर नसल्याने प्रत्येक वाढीसाठी मंत्रालयाची पायरी चढणे नशिबी आले. २०१२ साली महसूल खात्याकडून पडताळणी झाली आणि त्यानंतर नवी मान्यता देणे अनेक वर्षे बंद राहिले.

‘ड’ वर्ग म्हणजे काय हे कागदावरून कळत नाही. माझ्या पाहण्यातले असे एक वाचनालय ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत आहे. तीन कपाटे, एक लांब बाक, भिंतीवर खिळ्याला अडकवलेली दैनिके. ग्रंथपाल सकाळी दुसरीकडे काम करतो आणि संध्याकाळी कुलूप उघडतो. देवघेवीच्या वहीत एका बाईंची सही जवळपास दर आठवड्याला आहे. आधी अंगठा होता, मग अडखळत काढलेली अक्षरे, आणि नंतरच्या पानांवर सरळ एका दमात केलेली सही. अनुदानाचा हप्ता लांबला की या वाचनालयात आधी दैनिके कमी होतात, मग नवी पुस्तके. वही तेवढी चालू राहते.

लेखकांच्या बाजूने राज्याने १९६०नंतर बरेच केले. यशवंतराव चव्हाणांच्या पुढाकाराने त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. विश्वकोशाचे काम याच मंडळात सुरू झाले. केंद्रात १९५४ला साहित्य अकादमी आणि १९५७ला नॅशनल बुक ट्रस्ट आले. अकादमीला पैसा सरकारचा, पण कारभार साहित्यिकांचा, हे तत्त्व पहिल्यापासून ठेवले गेले, कारण दक्षिणा कमिटीसारखा प्रश्न कुठेही उद्भवू शकतो. आपल्या राज्यात डिसेंबर २०२२मध्ये तो पुन्हा उद्भवला. एका अनुवादित पुस्तकाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार शासन निर्णय काढून रद्द झाला, निवड समितीही बरखास्त झाली, आणि निषेध म्हणून काही साहित्यिकांनी सरकारी समित्यांचे राजीनामे दिले. परीक्षकांनी दिलेला निकाल मंत्रालयात फिरवला जाणार असेल तर परीक्षक नेमायचे कशाला, हा त्यांचा सवाल रास्त होता.

आणि तरीही सरकारी पैशाने झालेले एक काम मी या सगळ्यावर ठेवीन. ज्या जोतीरावांचे नाटक सरकारी कमिटीने परत पाठवले, त्यांचे समग्र वाङ्मय १९६९ साली राज्याच्याच साहित्य संस्कृती मंडळाने छापले. १९७९पासून शिक्षण खात्याने बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली, वसंत मून यांच्या संपादनाखाली. किंमत सामान्य माणसाला झेपेल अशी ठेवली. ६ डिसेंबरला दादरला या खंडांसाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची २०२१च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि पुस्तके का मिळत नाहीत याचे उत्तर सरकारला न्यायालयात द्यावे लागले.