परिविक्षा अधिकारी पदासाठी अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि मराठवाड्यातल्या उमेदवारांनी आधीच करायची तयारी

परिविक्षा (प्रोबेशन) म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडून देखरेख ठेवणं. परिविक्षा अधिकारी या एका नावाखाली दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. जाहिरात वाचण्याआधी हे लक्षात घेतलं नाही, तर चुकीच्या ठिकाणी अर्ज जातो आणि वर्ष हातचं जातं. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 2(48) मध्ये दोन्ही एकत्र दिल्या आहेत. एक, अपराधी परिविक्षा अधिनियम, 1958 खाली राज्य शासनाने नेमलेला अधिकारी. दुसरा, जिल्हा बाल संरक्षण कक्षात नेमलेला कायदा तथा परिविक्षा अधिकारी. बाल न्याय मंडळासमोर (कायद्याविरुद्ध कृत्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं इथे चालतात) दोघांचं काम बऱ्याच अंशी सारखं असलं, तरी भरती, शिक्षणाची अट, पगार आणि नोकरीचं स्वरूप पूर्ण वेगळं आहे.

पहिली वाट : आयुक्तालयाची सरळसेवा

ही कायम, गट-क ची नोकरी आहे. भरती महिला व बाल विकास आयुक्तालय, पुणे करतं आणि अर्ज फक्त ऑनलाइन घेतले जातात. ऑक्टोबर 2024 च्या जाहिरातीत सर्व संवर्ग मिळून 236 जागा होत्या, त्यांतल्या 72 परिविक्षा अधिकाऱ्यांच्या. अशी जाहिरात दरवर्षी निघत नाही, म्हणून कागद आधीपासून तयार ठेवणं महत्त्वाचं.

किमान शिक्षण पदवी. ‘अर्हता’ हा परिच्छेद मात्र शब्द न शब्द वाचा, कारण विषय, विद्यापीठ आणि प्राधान्य यांबद्दलची वाक्यं त्यातच असतात. वयाची सर्वसाधारण मर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागास प्रवर्गांना 43 वर्षं. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते जाहिरातीत दिलेलं असतं, अर्ज भरायच्या दिवशीचं वय धरत नाहीत. 2024 मध्ये शुल्क खुल्या प्रवर्गाला 1000 आणि राखीव प्रवर्गांना 900 रुपये होतं. ते परत मिळत नाही, आणि दोन पदांसाठी दोन अर्ज केले तर शुल्कही दोनदा भरावं लागतं.

परीक्षा संगणकावर, बहुपर्यायी, 200 गुणांची. पदवी अर्हतेच्या पदांसाठी मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी हे प्रत्येकी 50 गुणांचे विषय, आणि निवड यादीत येण्यासाठी किमान 45 टक्के गुण आवश्यक. बाल न्याय कायद्यावर वेगळा पेपर नसला तरी तो वाचायलाच हवा. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच त्याची गरज पडते.

दुसरी वाट : जिल्हा बाल संरक्षण कक्ष

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून प्रत्येक जिल्ह्यात हा कक्ष चालतो. नोकरी कंत्राटी असते आणि मानधन एकत्रित. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत कायदा तथा परिविक्षा अधिकाऱ्याला महिना 27,804 रुपये ठरवले आहेत. महागाई भत्ता किंवा घरभाडं वेगळं मिळत नाही.

इथे शिक्षणाची अट एलएल.बी. ची आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेले अनेक जण ‘परिविक्षा’ हा शब्द पाहून अर्ज करतात आणि छाननीतच बाद होतात. तुमच्याकडे फक्त समाजकार्याची पदवी असेल, तर त्याच जाहिरातीतलं बाल संरक्षण अधिकारी (संस्थात्मक किंवा बिगर संस्थात्मक काळजी), समुपदेशक किंवा सामाजिक कार्यकर्ता हे पद पाहा. बाल संरक्षण अधिकाऱ्याचं मानधन 27,804, शेवटच्या दोन पदांचं 18,536 रुपये. शिवाय बालक किंवा महिला हक्कांच्या क्षेत्रातल्या अनुभवाची वर्षं जाहिरातीत दिलेली असतात. ती अट एका महिन्यानेही कमी पडू देऊ नका.

या जाहिराती जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर निघतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली अशा आठही जिल्ह्यांची संकेतस्थळं वेगवेगळी आहेत, त्यामुळे ‘भरती’ किंवा ‘सूचना’ हे पान दर आठवड्याला उघडून पाहावं लागतं. पदाचं नाव कुठे ‘विधी तथा परिविक्षा’ असं छापतात, कुठे ‘कायदा तथा परिविक्षा’. पद एकच.

नावांच्या गोंधळात आणखी एक नाव येतं, ‘संरक्षण अधिकारी’. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्याखालचा हा अधिकारी वेगळा, त्याचं कार्यक्षेत्रही वेगळं. पोलीस ठाण्यातला बाल कल्याण पोलीस अधिकारीही वेगळा. तो पोलिसच असतो, किमान सहायक पोलीस उपनिरीक्षक दर्जाचा.

काम नेमकं काय असतं

अर्ज करण्याआधी हे वाचा. मुलाखतीत प्रश्न इथूनच येतात, आणि हे काम टेबलावर बसून होत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलाने कायद्याविरुद्ध काही केल्याचा आरोप झाला, तर पोलिसांना त्याला 24 तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर हजर करावं लागतं. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. मंडळात एक प्रधान दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य असतात, त्यांपैकी किमान एक महिला. कलम 13 प्रमाणे पोलिसांनी परिविक्षा अधिकाऱ्याला कळवायचं आणि परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल मंडळाला द्यायचा. हा अहवाल म्हणजे या नोकरीचा गाभा. 2016 च्या केंद्रीय आदर्श नियमांत त्याचा नमुना 6 आहे. घरातली माणसं, उत्पन्न, घराची स्थिती, शाळा कधी आणि का सुटली, मुलगा कुठे कामाला होता, सोबत कोणाची, व्यसन आहे का, त्याच्यावर कोणी हात उचलतं का, कृत्यामागचं कारण काय आणि शेवटी शिफारस. पोलिसांचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल नमुना 1 मध्ये असतो. त्याची नक्कल करून नमुना 6 भरणं ही सगळ्यात मोठी चूक. नमुना 1 मध्ये पोलिसांना दिसलेलं असतं, नमुना 6 साठी तुम्ही स्वतः उंबऱ्यात जाऊन पाहायचं असतं.

मराठवाड्यात या दोन आठवड्यांचा खरा कस दिवाळीनंतर लागतो. बीड, जालना, परभणी, धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबं कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. गृहभेटीला गेलात तर घराला कुलूप किंवा दारात एकटी म्हातारी आजी. ‘घर बंद आढळले’ एवढं लिहून अहवाल देऊ नका, त्यातून मंडळाला काहीच कळत नाही. आजीकडून मुकादमाचं नाव आणि कारखान्याचं नाव घ्या, आई-वडिलांशी फोनवर बोलून तसं अहवालात स्पष्ट नोंदवा, शाळेतून प्रवेश-निर्गम नोंद घ्या, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि अंगणवाडी सेविकेशी बोला, आणि त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला पत्र देऊन पालकांचा जबाब मागवा. मूल सहा महिने शाळेबाहेर होतं ते कारखान्यावर होतं म्हणून, ही एक ओळ मंडळासमोर आली नाही तर तेच मूल ‘उनाड’ ठरतं. असा अन्याय टाळणं परिविक्षा अधिकाऱ्याच्या हातात असतं.

जामिनाच्या वेळीही हाच अहवाल उपयोगी पडतो. कलम 12 प्रमाणे जामीन हा नियम आहे. सुटका झाल्यावर मूल सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल, असं मानायला सबळ कारण असेल तरच नकार देता येतो. पुढे मंडळाने मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या परिविक्षेवर पालकांकडे सोडलं, तर ती मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते आणि देखरेख तुमची. वय 16 पूर्ण आणि कृत्य निर्घृण स्वरूपाचं, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचं असेल, तर त्या मुलाचा खटला प्रौढासारखा चालवायचा का हे ठरवण्यासाठी कलम 15 खाली प्राथमिक मूल्यांकन होतं. तिथे तुमच्या एकेका वाक्याचं वजन वाढतं.

बोलताना-लिहिताना ‘बालगुन्हेगार’, ‘आरोपी’ हे शब्द वापरायचे नाहीत. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हाच शब्द. मुलाची ओळख उघड केली तर कलम 74 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. व्हॉट्सॲप गटात टाकलेला गृहभेटीचा फोटोही त्यात येतो.

कागदपत्रे

दोन्ही वाटांना लागणारे मूळ कागद : दहावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, पदवीच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र, आधार, अधिवास प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी किंवा समकक्ष, आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन. शेवटचं कायम नोकरीसाठी 2005 च्या नियमांनुसार. दोनपेक्षा जास्त हयात अपत्यं असतील आणि 28 मार्च 2006 नंतरच्या जन्मामुळे ती संख्या वाढली असेल, तर माणूस अपात्र ठरतो. इथे खोटं लिहिलं तर नोकरी लागल्यावरही जाते.

पदवी प्रमाणपत्राचं आधी बघा. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या महाविद्यालयांतून शिकलेल्यांना ते स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडून घ्यावं लागतं, उरलेल्या चार जिल्ह्यांतल्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडून. अंतिम निकाल जाहिरातीत दिलेल्या तारखेच्या आत लागलेला असला पाहिजे. ‘निकाल बाकी आहे’ हे चालत नाही.

आरक्षणाचे कागद हा सगळ्यात जास्त अडकणारा भाग. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात, अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेवा केंद्रातून. त्यासाठी ठरावीक तारखेआधीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो : अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. आपल्याकडे निजामी राजवट असल्याने आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या आणि महसुलाच्या नोंदी उर्दूत निघतात, काही मोडीत. त्यांची साक्षांकित नक्कल आणि मराठी भाषांतर दोन्ही जोडा. भाषांतर नसेल तर त्रुटी निघते आणि महिना जातो. जात वैधतेसाठी जिल्हा पडताळणी समितीकडे वेगळा अर्ज करावा लागतो. तो जाहिरात निघाल्यावर करायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो.

नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्रावर मुदत छापलेली असते, बहुधा 31 मार्चपर्यंत. जाहिरातीत सांगितलेल्या तारखेला ते चालू असलंच पाहिजे. त्यात आई-वडिलांचं पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, आणि लग्न झालेल्या मुलीसाठीही माहेरचंच पाहतात, नवऱ्याचं नाही. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यात मात्र शेतीसह सगळं उत्पन्न मोजलं जातं. म्हणून एका दाखल्याचे आकडे दुसऱ्यावर उतरवू नका.

नावातला फरक दुर्लक्षून चालणार नाही. दहावीच्या कागदावर ‘शे. अन्वर’ आणि आधारवर ‘शेख अन्वर’, किंवा लग्नानंतर आडनाव बदललेलं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी हाताशी ठेवा. जिल्ह्यांची नावं बदलल्यामुळे जुने कागद रद्द होत नाहीत. औरंगाबाद किंवा उस्मानाबाद लिहिलेला दाखला तसाच जोडा, त्यावर पेनने काही दुरुस्त करू नका.

दुसऱ्या वाटेसाठी अनुभवाचं प्रमाणपत्र सगळ्यात महत्त्वाचं. संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, पदाचं नाव, ‘पासून-पर्यंत’ तारखा, कामाचं स्वरूप आणि अधिकृत सही-शिक्का हवा. ‘यांनी आमच्याकडे चांगले काम केले’ असं पत्र छाननी समिती बाजूला ठेवते. नेमणूकपत्र आणि मानधन खात्यात जमा झाल्याचा बँक उतारा सोबत असेल तर शंका राहत नाही. शिकत असतानाचं क्षेत्रकार्य अनुभवात धरत नाहीत.

अर्ज भरताना

ऑनलाइन अर्जात प्रवर्ग, जन्मतारीख आणि समांतर आरक्षण (महिला, माजी सैनिक, खेळाडू, दिव्यांग, अनाथ) हे रकाने अंतिम होण्याआधी दोनदा तपासा. सबमिट झाल्यावर प्रवर्ग बदलून मिळेल या भरवशावर राहू नका. शेवटच्या दोन दिवसांत संकेतस्थळ मंदावतं, पैसे कापले जातात आणि पावती येत नाही, म्हणून आठवडाभर आधी भरा. मोबाईल क्रमांक आणि ईमेल स्वतःचा द्या, सेवा केंद्रवाल्याचा नको. प्रवेशपत्राची सूचना तिथेच येते.

कंत्राटी पदाचा अर्ज हाताने किंवा टपालाने मागवला असेल तर पाकिटावर पदाचं नाव लिहा, पानांना क्रमांक द्या, साक्षांकित प्रती जाहिरातीतल्या क्रमाने लावा आणि पोच घ्या. मुदतीनंतर पोहोचलेलं टपाल, टपाल खात्यामुळे उशीर झाला तरी, स्वीकारत नाहीत.

निवड झाल्यावर

कागदपत्र पडताळणीला मूळ प्रती आणि दोन संच न्या. त्यानंतर चारित्र्य पडताळणी पोलिसांकडून आणि वैद्यकीय तपासणी होते. वकिलीची सनद असेल तर पूर्णवेळ पगारी नोकरी सुरू होताच बार कौन्सिलला कळवून ती स्थगित करावी लागते, कारण नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाहीत. कंत्राटी नेमणुकीत करारनाम्यावर सही करण्याआधी मुदत, नूतनीकरणाची अट, प्रवास खर्च आणि रजा या चार बाबी वाचून घ्या. गृहभेटीसाठी गावोगाव फिरायचं असल्याने प्रवास खर्चाची तरतूद नेमकी काय, हे रुजू होण्याआधीच लेखी विचारा.